गोळी चुकली म्हणून केस चुकत नाही

(पॉडकास्टच्या या भागाचं शब्दांकन. बोलण्याचा ओघ शक्यतो तसाच ठेवला आहे.)

दिवा-रोहा गाडीत बसून ऐकणारे, वडखळच्या ट्रॅफिकमध्ये अडकून ऐकणारे, धाटावच्या एमआयडीसीतून सेकंड शिफ्ट संपवून घरी निघालेले, सगळ्यांचं स्वागत.

आजचा विषय जरा जड आहे, पण आपल्या वयाच्या पोरांशी त्याचा थेट संबंध आहे. हाणामारी झाली, त्यात कोयता निघाला, बंदूक निघाली, काहीतरी फुटलं, तर कायदा नेमकं काय बघतो?

आपल्याकडे अशा प्रकारानंतर एक वाक्य हमखास ऐकू येतं. "अरे, त्याला काही झालं का? नाही ना? मग बसून मिटवून टाका." गावकीत चार मोठी माणसं बसतात, दवाखान्याचा खर्च ठरतो, चहा होतो, विषय संपला असं सगळे धरून चालतात. आज मला एवढंच सांगायचंय, की हत्यार निघालं असेल तर विषय तिथे संपत नाही. जखम छोटी असली तरी नाही, आणि गोळी लागलीच नाही तरीसुद्धा नाही.

आधीच सांगतो, मी वकील नाही. बीटेक केलंय, दिवसभर कोड लिहितो. पण कायद्याची कलमं वाचायला बसलो की मला ती 'इफ-एल्स'सारखीच दिसतात. एक अट बदलली की आउटपुट बदलतं. तर आज तसंच करून बघू. एकच भांडण घेऊ आणि त्यातली एकेक गोष्ट बदलत जाऊ.

त्याआधी एक लक्षात ठेवा. १ जुलै २०२४ पासून आयपीसी, म्हणजे १८६० ची भारतीय दंड संहिता गेली आणि भारतीय न्याय संहिता आली. त्या तारखेच्या आधी घडलेल्या गुन्ह्याला जुनी कलमं लागतात, नंतरच्याला नवी. त्यामुळे घरातली मोठी माणसं '३०७' म्हणतात तेव्हा ते आजचं कलम १०९ असतं. खुनाचा प्रयत्न. आणि '३२४, ३२६' म्हणतात ते आता ११८.

चला, भांडण घेऊ. समजा वडखळ नाक्यावर ओव्हरटेक करण्यावरून दोन बाईकवाल्यांची जुंपली.

पहिली पायरी. एकाने दुसऱ्याला बुक्की मारली, ओठ फुटला. ही साधी दुखापत, कलम ११५(२). एक वर्षापर्यंत कैद किंवा १० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. हा अदखलपात्र गुन्हा. पोलीस ठाण्यात ज्याला आपण 'एनसी' म्हणतो ते हेच. गावात मिटतं म्हणतात ते बहुतेक या पायरीवरचं.

दुसरी पायरी. जखम तेवढीच, पण बुक्कीऐवजी कोयता. दंडावर एक ओरखडा, दोन टाके. आता लागलं कलम ११८(१), म्हणजे धोकादायक हत्याराने दुखापत. शिक्षा थेट तीन वर्षांपर्यंत आणि गुन्हा दखलपात्र, म्हणजे पोलीस कोर्टाच्या परवानगीची वाट न बघता तपास सुरू करू शकतात. बघा, जखम मोठी झाली नाही. हातातली वस्तू बदलली, एवढंच.

तिसरी पायरी. तोच कोयता, पण बोटाचं हाड मोडलं किंवा दात पडला. कायद्यात 'गंभीर दुखापत' या शब्दाची व्याख्या आहे, कलम ११६ मध्ये. त्यात आठ प्रकार आहेत. डोळा किंवा कान कायमचा जाणं, अवयव निकामी होणं, चेहरा कायमचा विद्रूप होणं आणि हाड किंवा दात मोडणं हेसुद्धा. १५ दिवस तीव्र वेदना होत राहिल्या किंवा रोजची कामं करता आली नाहीत, तर तीही गंभीर. आयपीसीत हा आकडा २० होता. आता कलम ११८(२): कमीत कमी एक वर्ष, दहा वर्षांपर्यंत किंवा जन्मठेप.

म्हणजे एका एक्स-रेवर तीन वर्षांची केस जन्मठेपेपर्यंत जाऊ शकते. म्हणून मार लागलेल्याने 'चालतंय, दुखतंय थोडं' म्हणत घरी जाऊ नये. डॉक्टरकडे मेडिको-लीगल नोंद झाली, एक्स-रे निघाला, तरच ते कागदावर येतं.

आता हे 'धोकादायक हत्यार' म्हणजे नक्की काय? कलम ११८ ची यादी मोठी आहे. गोळी झाडायचं, भोसकायचं, कापायचं साधन तर आहेच. शिवाय वापरलं तर जीव जाऊ शकेल अशी कुठलीही वस्तू. विस्तव किंवा तापलेला पदार्थ. विष. अंग जाळणारं रसायन. स्फोटक. आणि चक्क प्राणी. कुणावर मुद्दाम कुत्रा सोडला तर तोही या यादीत बसतो. धाटावला केमिकल कंपन्यांत काम करणाऱ्यांनी रसायनाची ओळ नीट ऐका. ॲसिड फेकून कायमची इजा केली तर त्याला वेगळं कलम आहे, १२४. तिथे किमान दहा वर्षं, जास्तीत जास्त जन्मठेप.

मग दगड हत्यार आहे का? सुप्रीम कोर्टाने २००५ मध्ये केरळच्या एका केसमध्ये, मथाई केसमध्ये, हेच सांगितलं, की ठरलेली यादी नाही. वस्तूचा आकार, धार, ती कशी वापरली, हे त्या त्या केसमध्ये बघायचं. आपल्या घराघरांत कोयता, विळा, कुऱ्हाड, पहार असतेच. शस्त्र कायदा निव्वळ शेती-घरकामाच्या अवजारांना शस्त्र मानत नाही. भाताच्या बांधावर कोयता म्हणजे अवजार. तोच कोयता रात्री अकराला बाईकच्या डिकीत, मागे तीन मित्र बसलेले, तर पोलीस विचारणारच. आणि तो कुणावर चालवला, तर तो कारखान्यात बनला कशासाठी याला काही अर्थ उरत नाही.

चौथी पायरी, आणि आजचा सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा. समजा कोयत्याचा वार मानेवर होता, समोरचा खाली वाकला, वार हुकला. किंवा गोळी झाडली आणि ती बाजूच्या पत्र्यात घुसली. माणसाला ओरखडाही नाही. इथे कलम १०९, खुनाचा प्रयत्न. दहा वर्षांपर्यंत कैद आणि दंड. त्यात दुखापत झाली असेल तर जन्मठेपेपर्यंत.

लोक म्हणतात, "पण त्याला लागलंच नाही!" याचं उत्तर आपल्याच राज्यातल्या एका निकालात आहे. महाराष्ट्र राज्य विरुद्ध बलराम बामा पाटील, सुप्रीम कोर्ट, १९८३. कोर्टाने काय म्हटलं, तर खुनाच्या प्रयत्नासाठी जीवघेणी जखम झालीच पाहिजे असं नाही. बघायचं काय? कृती कोणत्या इराद्याने किंवा कोणत्या जाणिवेने केली ते. परिणाम काय झाला ते नंतर. जखम किती, कुठे, हत्यार कोणतं, यावरून इरादा ओळखायला मदत होते. पण जखम नाही म्हणून इरादा नव्हता, असं होत नाही.

थोडक्यात, कायदा तीन प्रश्न विचारतो. हातात काय होतं? मनात काय होतं? आणि अंगावर काय झालं? आपण गावात बसतो तेव्हा फक्त तिसरा प्रश्न विचारतो. सगळा घोळ तिथे होतो.

आता मनात काय होतं हे कसं कळणार? पूर्वी साक्षीदारांवरून. आजही. पण आता त्यात तुमचा फोनही आला. "वस्तू घेऊन ये", "आज त्याला सोडायचा नाही", ग्रुपवरचे असे दोन मेसेज इरादा दाखवायला पुढे येऊ शकतात. आणि तो मेसेज वाचून जो बाईक घेऊन गेला, ज्याने कोयता हातात दिला, त्याचं काय? सगळ्यांचा हेतू एक असेल तर कलम ३(५) प्रमाणे प्रत्येकजण असा धरला जातो, जणू वार त्यानेच केला. पाच किंवा जास्त जण बेकायदा उद्देशाने जमले आणि दंगा झाला, त्यात तुमच्या हातात जीवघेणं हत्यार असेल, तर कलम १९१(३), पाच वर्षांपर्यंत. "मी फक्त सोबत गेलो होतो" हे वाक्य कोर्टात फार हलकं पडतं.

पाचवी पायरी, बंदूक. इथे न्याय संहितेच्या जोडीला १९५९ चा शस्त्र कायदा येतो. म्हणजे एका घटनेत दोन कायदे. विनापरवाना बंदूक किंवा गावठी कट्टा नुसता जवळ असला, एकही गोळी झाडली नाही, तरी कमीत कमी दोन वर्षं, जास्तीत जास्त पाच. असं बेकायदा शस्त्र वापरलं तर कलम २७, किमान तीन ते सात वर्षं. प्रतिबंधित शस्त्र, म्हणजे ऑटोमॅटिक वगैरे, वापरलं तर किमान सात वर्षं आणि जन्मठेपेपर्यंत.

'नुसती जवळ असणं' ही गोष्ट किती महाग पडते याचं देशातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ज्या खटल्यातून आलं, त्याची सुरुवात आपल्या रायगडच्या किनाऱ्यावर झाली होती. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला आणि फेब्रुवारीत श्रीवर्धन तालुक्यातल्या शेखाडीला शस्त्रं आणि आरडीएक्स उतरवलं गेलं. गाड्या वाटेत पोलिसांनी अडवल्या होत्या. लाच घेऊन सोडून दिल्या. १२ मार्च १९९३ ला मुंबईत साखळी स्फोट झाले, २५७ माणसं गेली. पैसे घेऊन डोळेझाक करणारे पोलीस आणि कस्टमचे अधिकारीही या खटल्यात दोषी ठरले.

याच खटल्यात अभिनेता संजय दत्तवर शस्त्र बाळगल्याचा आरोप होता. १९९४ मध्ये सुप्रीम कोर्टाच्या घटनापीठाने त्याच्या केसमध्ये 'ताबा' या शब्दाचा अर्थ स्पष्ट केला. ताबा म्हणजे जाणीवपूर्वक ताबा. तुमच्या नकळत कुणी बॅगेत काही टाकलं तर तो ताबा नाही. पण काय आहे हे माहीत असून घरात ठेवलं, तर तो ताबा, वस्तू तुमच्या मालकीची असो वा नसो. पुढे दहशतवादाच्या आरोपातून तो सुटला, पण शस्त्र कायद्याखाली दोषी ठरला. २१ मार्च २०१३ ला सुप्रीम कोर्टाने दोषसिद्धी कायम ठेवली आणि शिक्षा कमी करून पाच वर्षांवर आणली. त्याने कुणावर गोळी झाडली असा आरोपच नव्हता. "मित्राची आहे, दोन दिवस ठेव म्हणाला" असं कुणी तुम्हाला म्हणालं, तर ही केस आठवा.

बरं, परवाना असेल तर? आपल्या डोंगरपट्ट्यात शेतसंरक्षणासाठी परवान्याच्या बंदुका आहेत. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा कराव्या लागतात, हे घरच्यांनी पाहिलेलं असतं. पण परवाना माणसाच्या नावावर असतो, घराच्या नाही. काकाची बंदूक पुतण्याने हळदीत घेऊन मिरवायची नाही. आणि खुद्द काकानेही हळदीत हवेत बार काढायचा नाही. २०१९ च्या दुरुस्तीने हा स्वतंत्र गुन्हा केला. लग्न, मिरवणूक, देवळातला कार्यक्रम, कुठेही आनंदाच्या भरात लोकांचा जीव धोक्यात येईल असा गोळीबार केला, तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. वर गेलेली गोळी खाली येतेच, हे सांगायला बीटेक लागत नाही. रोह्यात धावीर महाराजांच्या पालखीला पोलीस सशस्त्र मानवंदना देतात, तो सोहळा बघायला सगळं गाव लोटतं. बंदुकीचा मान बघायचा तर तो पुरेसा आहे. डीजेसमोर कट्टा नको.

तलवारीने केक कापायचं फॅडही त्यातलंच. आधी रील टाकायचं, मग पोलीस त्याच रीलवरून घरी. सणासुदीला आणि निवडणुकीच्या काळात जिल्ह्यात मनाई आदेश असतात, तेव्हा तलवार, भाला मिरवणं तर हमखास अंगाशी येतं.

आता 'डिव्हाइस'. म्हणजे फुटणाऱ्या वस्तू. पेणकरांना नोव्हेंबर २०२२ आठवत असेल. भोगावती नदीच्या पुलाखाली जिलेटीनच्या कांड्यांसारखी दिसणारी वस्तू सापडली, बॉम्बशोधक पथक आलं, सगळ्यांचे फोन वाजायला लागले. तपासणीत ती नकली निघाली. पण नकली वस्तूची भीती खरी असते, आणि कायद्याला हे कळतं. खोटं पिस्तूल रोखून "जिवे मारीन" म्हटलंत तर समोरच्याला ते खेळण्याचं आहे हे माहीत नसतं. जिवे मारण्याची धमकी, कलम ३५१(३), सात वर्षांपर्यंत शिक्षा.

खऱ्या स्फोटकांसाठी १९०८ चा स्फोटक पदार्थ कायदा आहे आणि तो भलताच कडक आहे. जीव धोक्यात येईल असा स्फोट बेकायदा आणि दुष्ट हेतूने घडवला तर किमान दहा वर्षं ते जन्मठेप, कुणी जखमी झालं असो वा नसो. संशयास्पद परिस्थितीत स्फोटक नुसतं बनवलं किंवा जवळ ठेवलं तरी दहा वर्षांपर्यंत. ते कायदेशीर कामासाठी होतं हे दाखवायची जबाबदारी तिथे आरोपीवर येते. आणि 'स्फोटक' म्हणजे फक्त तयार बॉम्ब नाही. बनवायचा माल, यंत्र, त्याचा सुटा भागसुद्धा.

हे मी का सांगतोय? कोकणातल्या जंगलपट्ट्यात रानडुकरासाठी गावठी बॉम्ब लावतात. पिठाच्या किंवा मांसाच्या गोळ्यात दारू भरायची आणि वाटेवर ठेवायचा. डुकराने पीक उद्ध्वस्त केलं की शेतकऱ्याचा जीव तुटतो, ते खरंच आहे. पण तो गोळा डुक्कर ओळखत नाही. गुरं चावतात, कुत्री चावतात, सरपण आणायला गेलेली बाई उचलते, पोरं चेंडू समजून फेकतात. २०२० मध्ये केरळात गाभण हत्तीण अशाच स्फोटकाने तोंड फाटून मेली, तेव्हा सगळ्यांनी स्टेटस ठेवले होते. तीच वस्तू आपल्या रानात असते. रानडुक्कर मारायला वनखात्याची परवानगी लागते आणि पीक नुकसानीची भरपाई मागता येते. तो मार्ग हळू आहे, मान्य. पण 'डुकरासाठी होता' एवढ्याने स्फोटकाची केस आपोआप सुटत नाही.

आता परत त्या 'मिटवून टाका'कडे येऊ. खुनाच्या प्रयत्नाचं कलम आपसात मिटवता येण्यासारख्या गुन्ह्यांच्या यादीत नाही. मग लोक हायकोर्टात जातात, "आमची तडजोड झाली, एफआयआर रद्द करा". यावर सुप्रीम कोर्टाने ५ मार्च २०१९ ला, मध्य प्रदेश राज्य विरुद्ध लक्ष्मी नारायण या केसमध्ये स्पष्ट सांगितलं. खुनाचा प्रयत्न आणि शस्त्र कायद्याचे गुन्हे हे दोन माणसांमधलं खासगी भांडण नाही, समाजाविरुद्धचा गुन्हा आहे, केवळ तडजोड झाली म्हणून तो रद्द होणार नाही. हो, कलम उगाच लावलंय का हे कोर्ट तपासू शकतं. त्यासाठी बघतं काय? जखम शरीराच्या कुठल्या भागावर, हत्यार कोणतं. म्हणजे फिरून आपल्या त्याच तीन प्रश्नांवर आलो.

आणि मला हे बरोबर वाटतं. कारण गावातली तडजोड बरोबरीच्या दोन माणसांत क्वचितच होते. ज्याच्या हातात कट्टा आहे, ज्याच्या मागे दहा पोरं आहेत, त्याच्यासमोर बसून हातावर पोट असलेला माणूस 'माझी तक्रार नाही' म्हणतो, तेव्हा ती तडजोड असते की भीती? कायदा म्हणतो, हा निर्णय एकट्या घाबरलेल्या माणसावर सोडायचा नाही.

शेवटी कामाच्या गोष्टी. सेव्ह करून ठेवा.

एक. असा प्रकार घडला तर ११२ लावा. जखमीला आधी दवाखान्यात न्या. पोलीस येईपर्यंत उपचार थांबवता येत नाहीत, सुप्रीम कोर्टाने १९८९ मध्येच, परमानंद कटारा केसमध्ये, हे ठरवलंय.

दोन. घटना पेणची आणि जखमी पनवेलच्या हॉस्पिटलात, म्हणून तक्रार अडत नाही. कुठल्याही पोलीस ठाण्यात एफआयआर देता येतो. झिरो एफआयआर म्हणतात त्याला, नव्या कायद्यात तो कलम १७३ मध्ये आहे. ऑनलाइन तक्रार दिली तर तीन दिवसांत जाऊन सही करायची.

तीन, हे माझ्या धंद्यातलं. तुमच्याकडे व्हिडिओ असेल तर मूळ फाइल, मूळ फोनमध्ये, तशीच ठेवा. ट्रिम करू नका, गाणं लावू नका. नव्या साक्ष कायद्यात, कलम ६३ च्या प्रमाणपत्रात, फाइलची हॅश व्हॅल्यू लिहावी लागते. हॅश म्हणजे फाइलचा अंगठ्याचा ठसा समजा. व्हॉट्सॲपवर नेहमीसारखा व्हिडिओ पाठवला की तो दाबून लहान होतो आणि ठसा बदलतो. स्टेटसला टाकलेला व्हिडिओ व्ह्यूज मिळवेल, पण पुरावा म्हणून मूळ फाइलच भारी पडते.

चार. स्वतःचा जीव वाचवायला बळ वापरायचा हक्क कायद्याने दिलाय. पण बचावाला लागतं तेवढंच. समोरचा पळाला की तो हक्क संपला. मागे धावून केलेला वार बचाव नसतो.

पाच. वकील परवडत नसेल तर अलिबागला जिल्हा विधी सेवा प्राधिकरण आहे, तालुक्याला समिती आहे. उत्पन्न मर्यादेत बसत असेल तर मोफत वकील मिळतो. स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींना उत्पन्नाची अटही नाही. जखमी माणसाला किंवा त्याच्या घरच्यांना भरपाईचा अर्जही तिथेच करता येतो.

एवढंच. पुढच्या वेळी कुणी म्हणालं "त्याला लागलं थोडीच", तर त्याला उरलेले दोन प्रश्न विचारा. हातात काय होतं? मनात काय होतं? आणि ज्या मित्राच्या डिकीत 'वस्तू' आहे असं तुम्हाला माहितीये, त्याला आजच हा भाग पाठवा. केस झाल्यावर पाठवून उपयोग नाही.

भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या!